आप्पांच्या कोड्यातलं कारंजं

भाचीला लातुरात क्लासला सोडलं, वसतिगृहाच्या खोलीत तिची गादी टाकून दिली, आणि नांदेडच्या गाडीला तीन तास उरले म्हणून मी वाचनालयात गेले. कपाटाशी बसलेल्या मुलीला त्या जुन्या साप्ताहिकाचं नाव सांगितलं. तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. तरी आत जाऊन जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली एक फाईल आणून दिली आणि म्हणाली, "हळू उलटा मावशी, कागद मोडून राहिलाय."

फडकं सोडलं आणि वास आला. पिवळ्या पडलेल्या कागदाचा आणि वाळवीच्या औषधाचा. त्याखाली कुठंतरी शाई आणि रॉकेल. रॉकेलचा वास खरा होता की मीच तो सोबत आणला होता, कोण जाणे. चौथ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, आप्पांची शब्दकोडी होती. कुणीतरी ती शिसपेन्सिलीनं सोडवलेली. आणि उत्तरांच्या शेजारी, समासात, बारीक अक्षरात माणसांची नावं. 'टोप'च्या बाजूला एका हेडक्लार्कचं आडनाव. 'तपकीर'च्या बाजूला 'सराफ?' असं, प्रश्नचिन्हासकट. 'खिडकी'च्या पुढं नुसतंच 'म. काका'.

म्हणजे आमचंच गाव. ते कोडं असंच सोडवायचं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. गावात पाट्या रंगवणाऱ्यांना उसंत नव्हती. भाड्यानं घेतलेल्या घरांवर कचेऱ्यांची नावं चढत होती, ओल्या रंगाचा वास गल्लोगल्ली होता. आत्याला पत्र लिहिताना मी 'जि. उस्मानाबाद' लिहून मग खोडायची. जीपगाड्या आल्या, बाहेरगावचे साहेब आले, त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांतल्या बायका आल्या. पाऊस तेवढा आला नाही. दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. आभाळ सकाळपासून पांढरं, चुलीवर तापलेल्या तव्यासारखं. डाळमिलांचा भुसा वाऱ्यावर उडून गंजगोलाईच्या बाजारातल्या दुकानांच्या फळ्यांवर बसायचा, आणि तुरीचा तो कोरडा, घशाला धरणारा वास पाण्याच्या घोटालाही यायचा. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी तुळशीला. टँकरचा भोंगा ऐकू आला की हातातलं टाकून बायका धावायच्या, आणि धावताना एकमेकींच्या घागरींकडं बघायच्या. कुणाची घागर जास्त भरली, कुणाच्या घरी हंडा झाकून ठेवलाय, सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष.

आप्पा म्हणजे माझे वडील. उदगीरकडचं आमचं घराणं भुसाराच्या व्यापारातलं, पण आप्पांनी काकांना दुकान देऊन टाकलं आणि ते लातुरात एका खाजगी शाळेत इतिहास शिकवायला लागले. सकाळी पूजा करून कपाळाला विभूती लावायची, धोतराचा काठ पायात येऊ नये म्हणून जरा वर खोचायचा आणि चालत शाळेत जायचं. हैदराबादच्या पलीकडं ते कधी गेले नव्हते. पण त्याच हैदराबादेत, फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत, त्यांना एक जाडजूड इंग्रजी चित्रांचं पुस्तक सापडलं होतं. अठराव्या शतकातल्या युरोपात माणसं कशी राहायची, काय खायची, काय ल्यायची, ते सगळं त्यात होतं. आप्पांचा जीव त्या पुस्तकात अडकला.

संध्याकाळी ओसरीत पाय सोडून बसले की ते मला त्यातलं सांगायचे. तिथले बडे लोक डोक्याचे केस कापून वर दुसऱ्याच्या केसांचे टोप घालायचे आणि टोपावर पीठ शिंपडायचे. बायका गालावर काळ्या कापडाचा तीळ चिकटवायच्या. दोन माणसांनी खांद्यावर वाहायचा खुर्चीचा मेणा असायचा. खिडक्यांवर कर बसला म्हणून इंग्रजांनी आपल्या खिडक्या विटांनी बुजवल्या. फ्रान्सात मोठ्या फुग्यातून पहिल्यांदा कुणाला हवेत पाठवलं तेव्हा त्यात एक मेंढरू, एक बदक आणि एक कोंबडा बसवला होता. आणि पॅरिसात पाणके होते. "एवढं मोठं शहर माय, पण पाणी खांद्यावरूनच यायचं," ते म्हणायचे. मला घरात ते 'माय' म्हणत.

नवा जिल्हा झाला तसं वसंतरावांनी गावात साप्ताहिक काढलं. चार पानं भरायला मजकूर पुरेना, म्हणून ते आप्पांकडं आले. आप्पा म्हणाले, शब्दकोडं देतो. आणि त्यांना जे येत होतं तेच त्यांनी दिलं. आडव्या शब्दांतही अठरावं शतक आणि उभ्या शब्दांतही. प्रत्येक शब्दाला उत्तर शोधायला एक छोटी ओळ असते, तिला ते संकेत म्हणत. 'उमरावाच्या डोक्यावरचे उसने केस', अक्षरं दोन. 'चांदीच्या डबीतून नाकात', अक्षरं चार. दर मंगळवारी काळ्या शाईनं लिहिलेला कागद घेऊन मी छापखान्यात जायची.

छापखाना एका बोळात होता. दारातच रहीमचाचा उभे असायचे, समोर तिरक्या पेट्यांमध्ये शिशाचे खिळे, आणि ते धुवायच्या रॉकेलचा वास. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, पण वय पस्तिशीच्या आतलंच असेल. एकेक अक्षर उचलून ते उलट्या ओळी जुळवायचे आणि उलट्याच वाचायचे. कोड्याच्या काळ्या घरांसाठी त्यांनी स्वतः लाकडाचे बारके ठोकळे तासून ठेवले होते. माझा कागद हातात घेऊन म्हणायचे, "आज मास्तरांनी कुठं नेलं बेटी? पॅरिस का लंडन?" शब्द अडला तर अर्थ विचारायचे. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य, हे आप्पांच्या वर्गाखेरीज लातुरात ठाऊक असलेला तो एकच माणूस असावा.

पहिले दोन महिने कोड्याकडं कुणी बघितलं नाही. मग खिडकीचा संकेत आला. 'कर चुकवायला इंग्रजांनी विटांनी बुजवली.' अक्षरं तीन.

आमच्या शेजारी मन्मथकाका राहायचे, गंजात त्यांचं दुकान होतं. त्यांच्या घरी बोअर होती आणि तिला अजून पाणी होतं. रोज सकाळी ते आमच्यासाठी दोन घागरी ठेवायचे. त्याच आठवड्यात त्यांनी बोळाकडची खिडकी विटांनी बुजवून घेतली होती, बोअरचं इंजिन येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. शनिवारी साप्ताहिक आलं, आणि दुपारी मन्मथकाका आमच्या ओसरीवर. हातात ते पान.

"मास्तर, आमच्या घरावर लिहून राहिले का तुम्ही?"

आप्पांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते हसले, आणि तिथंच चुकलं. "अहो, ते इंग्लंडातलं आहे," ते म्हणाले. पुस्तक आणून त्यांनी पान दाखवलं. मन्मथकाकांनी चित्राकडं पाहिलं नाही, आप्पांच्या तोंडाकडं पाहिलं.

"इंग्लंडातलं. हाव. आणि खिडकी आमचीच सापडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी घागरी रिकाम्याच पालथ्या होत्या. आईनं त्या उचलून आत आणल्या. त्या दिवसापासून टँकरच्या रांगेत मी उभी राहायला लागले.

रांगेत कोडं ऐकू यायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्याही बायका विचारायच्या, या खेपेला कुणावर हाय. हेडक्लार्कांनी टोप लावायचं सोडलं आणि डोकं बोडकं घेऊन कचेरीत गेले, म्हणजे टोप होता हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. वसंतराव खूष होते, अंक हातोहात जायचा. आणि मला रांगेत उभ्या उभ्या वाटायला लागलं, आप्पांना खरंच ठाऊक नव्हतं का? शाळेला जाताना ते रोज त्या खिडकीवरून जायचे. विटा रचताना गवंडी त्यांना नमस्कार करायचा. मी त्यांच्याकडं चोरून बघायची. कोडं करताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हलायचं ते हसू होतं की नुसतं अक्षरं मोजणं, ते मला ठरवता येईना. वडिलांकडं असं बघायची सवय त्या उन्हाळ्यात लागली.

मग ते कारंजं. नव्या कचेऱ्यांपैकी एकीच्या फाटकात ते बांधलं होतं, शुक्रवारी मुंबईहून पाहुणे येणार म्हणून. मंगळवारी मी कागद घेऊन छापखान्यात चालले होते तेव्हा त्याची तालीम चाललेली. एक टँकर हौदापाशी उभा. कोपऱ्यावर शिपाई, त्यानं शिट्टी वाजवली की दुसरा मोटर चालू करायचा. रिकामी जीप फाटकातून आत गेली, पाणी उडालं. जीप पुढं गेली, पुन्हा शिट्टी, पाणी बंद. असं तीनदा. पाण्याचे तुषार फुफाट्यावर पडून क्षणात सुकत होते, आणि ओल्या मातीचा वास रस्ताभर. पलीकडं घागरी घेऊन बायका उभ्या होत्या. त्या दिवशी पहाटेपासून उभं राहून मला अर्धी घागर मिळाली होती.

आप्पांच्या कागदावर त्या खेपेला 'कारंजे' हा शब्द होता. त्यांचा संकेत होता, 'फ्रान्सच्या राजवाड्यातल्या बागेची शोभा'. छापखान्याच्या अलीकडं एका पायरीवर बसून मी तो खोडला. माझ्या निळ्या पेनानं वर लिहिलं, 'राजा आला की शिट्टी वाजून सुरू, पुढं गेला की बंद'. हे मी रचलेलं नव्हतं. त्या बागेतही पाणी पुरायचं नाही, राजा फिरायला निघाला की माळी शिट्ट्या वाजवून कारंजी चालू-बंद करायचे, हे आप्पांनीच पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. मी सतरा वर्षांची होते.

रहीमचाचांनी कागद वाचला. मग माझ्याकडं पाहिलं.

"मास्तरांनी बदललं का?"

"हाव," मी म्हणाले.

शुक्रवारी पाहुणे आले, शिट्टी वाजली, पाणी उडालं. शनिवारी अंक आला. दुपारपर्यंत अख्खं गाव हसत होतं. रांगेतल्या बायका एकमेकींना शिट्टी वाजवून दाखवत होत्या. संध्याकाळी हसणं थांबलं आणि ज्यांनी तालीम बघितली नव्हती ते लोक वेगळंच बोलायला लागले. कारंजं उडालं शुक्रवारी आणि अंक तर गुरुवारीच छापून झाला, मग आधी कुणाला ठाऊक होतं? आतलं कुणी सांगितलं?

वसंतराव घामाघूम होऊन आमच्याकडं आले. कचेरीतून बोलावणं आलं होतं. आप्पांनी अंक हातात घेतला, संकेत वाचला, आणि माणूस खरं बोलतो तेवढ्या सहज म्हणाले, "हा माझा नाही."

मी आतल्या दाराशी उभी होते. वसंतरावांनी रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "मग रहीमनंच केलं. त्याच्या मोहल्ल्यात चार दिवस टँकर गेला नाही. राग काढला त्यानं. खिळे त्याच्याच हातात, अजून कोण करणार?" एकदा हे बोलल्यावर त्यांना हायसं वाटलेलं मला दिसलं. उद्यापासून त्याला येऊ नको म्हणून सांगतो, असं म्हणून ते उठले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दाराची कडी हातात होती, ती मला अजून हाताला लागते. मी बोलले नाही.

आप्पांनी चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. तासाभरानं परत आले ते वाटेत वसंतरावांकडं जाऊन. आईला म्हणाले, "तो संकेत मीच लिहिला होता. विसरलो होतो." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. सोमवारी ते स्वतः ते जाड पुस्तक काखेत घेऊन त्या कचेरीत गेले. साहेबांना बागेचं चित्र दाखवलं, शिट्टीचा मजकूर वाचून दाखवला. साहेब नम्रपणे म्हणाले, "पुस्तक जुनं आहे मास्तर. पण कारंजं आमचं नवं आहे." एवढंच. आप्पांनीच हे नंतर आईला सांगितलं.

जूनमध्ये शाळेच्या संस्थेनं त्यांची बदली हदगावच्या शाळेत केली. कारण कागदावर वेगळं होतं. रहीमचाचांचंही दिवाळीनंतर काम सुटलं, असं पुढं कानावर आलं. मास्तर भला माणूस, खिळे जुळवणाऱ्याला पाठीशी घालतोय, असंच वसंतराव अखेरपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले. माझ्या एका ओळीनं दोन माणसांची घरं हलवली.

हदगावात पाणी होतं. घराच्या मागं आड, कापसाची शेतं जवळच, वेचणीच्या दिवसांत गाड्यांतून सांडलेला कापूस रस्त्याच्या बोरींना लटकलेला असायचा. आप्पांनी तिथं कोडं म्हणून केलं नाही. ते जाड पुस्तक मात्र उघडायचे. मी बीए केलं, पुढं नांदेडला शिक्षिका झाले, लग्न झालं. पण माझं ते चोरून बघणं सुटलं नाही. आप्पांना ठाऊक आहे का? त्यांना माझा संशय आहे का? ताटावरून त्यांनी मान वर केली की मला वाटायचं, आता विचारतील. माझ्या मुलीला ते गोष्ट सांगायचे, मेंढरू, बदक आणि कोंबडा फुग्यात बसल्याची, आणि मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत राहायची, त्यात कारंजं येतं का ते. कधीच आलं नाही. त्या न येण्याचाही मला संशय यायचा. ते गेले, त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

वाचनालयात मी ते पान शोधलं. कोडं पूर्ण सोडवलेलं होतं. तीन चौकोनांत 'कारंजे'. शेजारी समासात, शिसपेन्सिलीनं नाही, शाईनं, दोनदा गिरवून लिहिलेलं होतं, 'रहीम'. प्रश्नचिन्ह नव्हतं.

फाईल बांधून परत दिली आणि बाहेर येऊन विचारत निघाले. छापखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. तिथल्या माणसानं सांगितलं, रहीमचाचा आहेत की, पोराचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे पुढच्या गल्लीत, दिवसभर तिथंच बसतात.

दुकानात मशीनचा आवाज भरून राहिला होता. दारातल्या खुर्चीवर ते बसले होते, पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा. मी नाव सांगण्याआधीच म्हणाले, "मास्तरांची बेटी." मग मास्तरांचं विचारलं. ते गेल्याचं सांगितल्यावर थोडा वेळ हात उघडे धरून ओठांत काहीतरी म्हणाले. स्टूल पुढं सरकवलं. बसल्यावर मला दुसरं काही सुचेना.

"चाचा, तो संकेत मी बदलला होता. आप्पांना माहीत नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मास्तर काळ्या शाईत लिहायचे. वरची ओळ निळी होती. मी आयुष्यभर अक्षरंच बघितली, बेटी."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं? वसंतरावांनी मला 'तू केलंस' म्हणून सांगितलं, विचारलं न्हाई. कागद माझ्याकडंच होता. मागितला असता तर दाखवावाच लागला असता. त्यांनी मागितला न्हाई. मास्तर एकटे आले मागायला." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "उभ्यानंच वाचला. घडी घालून खिशात ठेवला. मला म्हणाले, रहीम, पोरगी लहान आहे, पण तुझ्यावर येऊ देणार न्हाई. मी म्हणलं, हाव मास्तर."

म्हणजे आप्पांना त्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. हदगावचा प्रत्येक दिवस, माझं लग्न, माझी मुलगी, सगळ्या वेळी. मी त्यांच्या चेहऱ्यावर संशय शोधत राहिले, आणि तो तिथं कधी नव्हताच. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

"तुमचं काम तर गेलंच ना," मी म्हणाले. "आप्पांनी सांगूनही."

"गेलं. दुसरं मिळालं, तेही गेलं. 'ओळी बदलणारा' म्हणायचे मला. कुठंही गेलो की आधी ते नाव पोचायचं." हे ते हवापाण्याचं बोलावं तसं बोलले. मग आत बघून त्यांनी मुलाला हाक मारली. चाळिशी ओलांडलेला माणूस होता तो, हाताला रंग लागलेला. मशीनवरून मान वळवून त्यानं पाहिलं. चाचा त्याला म्हणाले, "ही मास्तरांची बेटी. ती ओळ हिनं लिहिली होती. तुला किती डाव सांगितलं, मी न्हाई केलं म्हणून."

मुलगा माझ्याकडं पाहत राहिला, मग वडिलांकडं. इतक्या वर्षांत त्यानं वडिलांचं कधी खरं मानलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. तो काहीतरी बोलला, पण मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. चाचांनाही आलं नसावं. त्यांनी हात वर करून त्याला मशीन बंद करायला सांगितलं. आवाज थांबला आणि दुकान एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

"परत एकदा सांगा बेटी," चाचा म्हणाले. "त्याला नीट ऐकू आलं नसंल."

मी स्टुलावरून उठले, त्या मुलाच्या समोर उभी राहिले, आणि पुन्हा सांगितलं.